पारख करणाऱ्याची पहिली परीक्षा

८ मार्च २०२१ रोजी म्यानमारच्या लष्करी राजवटीने डीव्हीबी, मिझिमा, खित थित मीडिया, म्यानमार नाऊ आणि सेव्हन डे या पाच वृत्तसंस्थांचे परवाने रद्द केले. लष्कराने सत्ता बळकावली त्याला तेव्हा पाच आठवडे झाले होते. फेब्रुवारीतच दंडसंहितेत ५०५-अ हे कलम घालण्यात आले होते. 'खोटी बातमी' पसरवल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास देणारे हे कलम बातमीदारांच्या मानेवर टांगलेले होते. कोणी भूमिगत झाले, कोणी सीमा ओलांडून थायलंडमधल्या माए सोत आणि चिआंग माईला पोचले, तर काही जण आपल्या मिझोरममध्ये आले. बातम्या मात्र सुरूच राहिल्या.

यातल्या काही संस्थांना परागंदा होणे नवे नव्हते. डीव्हीबीची सुरुवात १९९२ मध्ये नॉर्वेतल्या ऑस्लो इथे रेडिओ म्हणून झाली होती, मिझिमाची १९९८ मध्ये नवी दिल्लीत. २०१२ मध्ये म्यानमारमधली छपाईपूर्व सेन्सॉरशिप उठली, तेव्हा या मंडळींनी मायदेशी परतून कचेऱ्या थाटल्या. दहा वर्षे व्हायच्या आतच पुन्हा गाशा गुंडाळावा लागला.

ज्या वृत्तसंस्थेला स्वतःच्या देशात उघडपणे जाहिरात घेता येत नाही, अंक विकता येत नाही, तिचे भाडे आणि पगार कोण भागवतो? बहुतेक वेळा परदेशी मदत. ही मदत युरोपीय संघ किंवा स्वीडन, नॉर्वेसारख्या देशांच्या सरकारी खजिन्यातून निघते आणि कोपनहेगनची इंटरनॅशनल मीडिया सपोर्ट, ॲमस्टरडॅमची फ्री प्रेस अनलिमिटेड, जर्मनीची डीडब्ल्यू अकादमी, अमेरिकेतली इंटरन्यूज अशा संस्थांमार्फत छोट्या वृत्तसंस्थांपर्यंत पोचते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने परदेशी मदत गोठवली, तेव्हा या पैशाचा आवाका जगाला कळला. रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्सने यूएसएड या अमेरिकी सरकारी मदतसंस्थेच्याच माहितीच्या आधारे दाखवून दिले, की २०२३ मध्ये ६,२०० पत्रकारांना आणि ७०७ बिगरसरकारी वृत्तसंस्थांना या निधीचा आधार होता. २०२५ साठी स्वतंत्र माध्यमांच्या नावे सुमारे २६.८ कोटी डॉलर राखून ठेवले होते.

एवढा पैसा खर्च झाल्यावर त्यातून काय साधले, हे विचारणे रास्तच आहे. ते विचारण्यासाठी प्रकल्पाबाहेरचा माणूस नेमतात: मूल्यमापन सल्लागार. रिलीफवेबसारख्या संकेतस्थळांवर या कामाच्या जाहिराती सतत येतात. पत्रकारितेत, समाजसंशोधनात किंवा स्वयंसेवी क्षेत्रात मुरलेल्या अनेक मराठी माणसांकडे या कामाला लागणारा अनुभव असतो. अर्ज कसा करायचा हे ठाऊक नसते. हे प्रकरण त्यांच्यासाठी आहे. आणि त्यातले मुख्य सांगणे आधीच सांगतो. मूल्यमापनाचा अर्ज हा स्वतःच मूल्यमापनाचा पहिला तुकडा असतो. काय कळू शकेल, काय कळू शकणार नाही आणि ते शोधताना कोणाला इजा होऊ शकते, या तीन गोष्टी जो अर्जातच नेमक्या सांगतो, त्याच्याच अहवालावर पुढे विश्वास ठेवावा.

टीओआर वाचताना

जाहिरातीसोबत 'टर्म्स ऑफ रेफरन्स' नावाचा दस्तऐवज असतो. या क्षेत्रात सगळे त्याला टीओआरच म्हणतात. त्यात प्रकल्पाची पार्श्वभूमी, मूल्यमापनाचा हेतू, उत्तरे हवी असलेले प्रश्न, अपेक्षित अहवाल, मुदत, पात्रता आणि अर्जाला गुण कसे देणार हे दिलेले असते. बरेच अर्जदार पात्रतेचा परिच्छेद आधी वाचतात. खरे तर आधी वाचावा हेतूचा परिच्छेद.

हे मूल्यमापन कोण वापरणार आणि कोणत्या निर्णयासाठी, हा पहिला प्रश्न. प्रकल्प अर्ध्यावर असेल तर अहवालाने वाट दुरुस्त करता येते. अशा कामात संपादकांशी सविस्तर बोलणे आणि निष्कर्ष लवकर हाती देणे महत्त्वाचे. प्रकल्प संपला असेल तर देणगीदाराला हिशेब हवा असतो आणि पुढचा टप्पा द्यावा की नाही हे ठरवायचे असते. दोन्हींचा अर्ज वेगळा लिहावा लागतो. अमेरिकी मूल्यमापनतज्ज्ञ मायकेल क्विन पॅटन यांनी १९७० च्या दशकापासून हेच लावून धरले: ज्याचा कोणी उपयोग करणार नाही, ते मूल्यमापन कितीही शास्त्रशुद्ध असले तरी वाया गेलेले.

दुसरा प्रश्न माहितीचा. प्रकल्प सुरू होताना या वृत्तसंस्थांची स्थिती काय होती, याची नोंद कोणी ठेवली आहे का? नसेल तर 'सुधारणा किती झाली' या प्रश्नाचे उत्तर आडवाटेने शोधावे लागेल: जुने अंक, जुन्या चित्रफिती, कर्मचाऱ्यांच्या आठवणी. तिसरा प्रश्न दिवसांचा. टीओआरमध्ये वीस प्रश्न आणि पंचवीस दिवस अशी विषम जोडी पुष्कळदा दिसते. तेव्हा मुकाट्याने सगळे मान्य करू नये. कोणते पाच-सहा प्रश्न मुळाशी आहेत आणि बाकीचे त्यांत कसे सामावतात, हे अर्जातच मांडावे. ज्याने हा विचार केला त्याने टीओआर खरोखर वाचला आहे, हे निवड समितीच्या लगेच ध्यानात येते.

सहा निकष आणि परागंदा वृत्तसंस्था

जगभरच्या मदत प्रकल्पांचे मूल्यमापन बहुधा ओईसीडीच्या विकास साहाय्य समितीच्या निकषांवर होते. १९९१ मध्ये त्यांची मांडणी झाली तेव्हा ते पाच होते; डिसेंबर २०१९ च्या सुधारणेत सहावा आला. समर्पकता, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता, प्रभाव आणि टिकाऊपणा अशी ती यादी. ती अर्जात जशीच्या तशी उतरवणे म्हणजे अर्ज फुकट घालवणे. निकष यांत्रिकपणे लावू नयेत, विचारपूर्वक लावावेत, असे ती समितीच बजावते. मग विचारपूर्वक म्हणजे कसे?

समजा, म्यानमारच्या आठ परागंदा वृत्तसंस्थांना तीन वर्षे मदत देणारा एक प्रकल्प आहे आणि त्याचा आराखडा २०२० मध्ये झाला होता. त्यात यांगूनमधल्या जाहिरात बाजारावर प्रशिक्षण असणार. सत्तापालटानंतर त्याच लोकांना हवे होते ते घरभाडे, व्हिसा, सुरक्षित फोन आणि मानसिक आधार. समर्पकता तपासायची म्हणजे प्रकल्प या वळणावर किती लवकर वळला, हे पाहायचे. आराखड्याबरहुकूम सगळे झाले, हे इथे कौतुक ठरत नाही. उलट तीच चिंतेची खूण असू शकते.

सुसंगतीचा निकष घ्या. एका छोट्या वृत्तसंस्थेला चार देणगीदार पैसे देत असतील आणि चौघांच्या अहवालांचे नमुने वेगळे असतील, तर संपादकाचा किती वेळ बातम्यांऐवजी तक्ते भरण्यात जातो? हा प्रश्न अर्जात आला तर वाचणाऱ्याला कळते, की या माणसाने वृत्तसंस्थेची कचेरी आतून पाहिली आहे.

खरा कस लागतो टिकाऊपणाच्या निकषावर. मदत थांबल्यावर संस्था स्वतःच्या पायावर उभी राहील का, असे टीओआर सर्रास विचारतो. ज्या संस्थेचा वाचक हुकूमशाहीत राहतो आणि जिला पैसे देणाऱ्याला अटक होऊ शकते, तिला हा प्रश्न त्या शब्दांत विचारणे अन्यायाचे आहे. तिच्या बाबतीत टिकाव वेगळ्या खुणांनी ओळखावा लागेल: देणगीदार एकच आहे की अनेक, संपादक पकडला गेला तर दुसऱ्या दिवशी काम चालते का, अनुभवी बातमीदार टिकून आहेत का, जुना मजकूर सुरक्षित आहे का, परदेशातले म्यानमारी लोक वर्गणी देतात का. २०२५ मध्ये अमेरिकी निधी अचानक आटल्यावर या खुणा किती मोलाच्या आहेत हे साऱ्या क्षेत्राला कळून चुकले.

इथे महाराष्ट्रातल्या जिल्हापत्रांचा अनुभव थेट उपयोगी पडतो. सरकारी जाहिरातींचे बिल अडले की छोट्या दैनिकाची धार कशी बोथट होते, हे ज्याने जवळून पाहिले आहे, तो उत्पन्न आणि स्वातंत्र्य यांचे नाते पुस्तकाबाहेरून जाणतो. हे ज्ञान अर्जात दोन वाक्यांत यावे.

श्रेय कोणाचे?

माध्यमांच्या कामाचा परिणाम मोजणे लसीकरणाचा परिणाम मोजण्याइतके सरळ नाही. डीव्हीबीचेच उदाहरण पाहा. २००७ च्या सप्टेंबरमध्ये म्यानमारचे बौद्ध भिक्खू रस्त्यावर उतरले, तेव्हा डीव्हीबीच्या छुप्या चित्रण करणाऱ्या बातमीदारांनी देशाबाहेर पाठवलेली दृश्ये जगभरच्या वाहिन्यांवर झळकली. यांगूनमध्ये सैनिकाने जपानी छायापत्रकार केन्जी नागाई यांना गोळी घातली, तो क्षणही त्या चित्रणात होता. आता कल्पना करा, की या बातमीदारांच्या प्रशिक्षणाचे मूल्यमापन २००६ मध्ये झाले असते. अहवालात प्रशिक्षणार्थींची संख्या आणि थोड्याशा चित्रफिती, एवढेच आले असते. माध्यमांवरचा खर्च अनेकदा एखाद्या निर्णायक आठवड्यात फळतो आणि तो आठवडा प्रकल्पाच्या मुदतीत येईलच असे नाही.

म्हणून परिणाम कधी कळतच नाही, असे समजण्याचेही कारण नाही. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातल्या १६ मोठ्या राज्यांची १९५८ ते १९९२ या काळातली आकडेवारी तपासली आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. जिथे वृत्तपत्रांचा खप जास्त, तिथे पिके बुडाल्यावर किंवा पूर आल्यावर राज्य सरकारे धान्यवाटप आणि मदत अधिक तत्परतेने करत होती. त्यातही प्रादेशिक भाषांतल्या वृत्तपत्रांचा वाटा मोठा दिसला. मराठी वाचकाला हे वाचून बरे वाटेल. पण मूल्यमापकाने त्यातून घ्यायचे ते असे, की हा निष्कर्ष काढायला तीन दशकांहून जास्त काळाची आकडेवारी लागली. तीस दिवसांच्या कामात तसले वचन देऊ नये.

दुसरा धडा रवांडाचा. १९९४ च्या वंशसंहारात तिथे रेडिओने द्वेष पेटवला होता. दहा वर्षांनी 'मुसेकेवेया' ही सलोख्याची रेडिओ मालिका सुरू झाली. एलिझाबेथ लेव्ही पॅलक या संशोधिकेने काही गटांना ती मालिका आणि काही गटांना आरोग्याची मालिका वर्षभर ऐकवून तुलना केली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष चकित करणारा होता. श्रोत्यांची स्वतःची मते फारशी बदलली नाहीत, पण समाजात कसे वागणे रीतीला धरून आहे याविषयीची त्यांची समजूत बदलली आणि वागणेही. तिने फक्त 'तुमचे मत बदलले का' एवढेच विचारले असते तर मालिका निष्फळ ठरली असती. प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न कमी असला की खरा परिणाम नजरेतून निसटतो.

म्हणून अर्जात 'या प्रकल्पामुळे अमुक घडले हे सिद्ध करू' असे लिहू नये. घडलेल्या बदलात प्रकल्पाचा वाटा किती संभवतो, तो कोणत्या पुराव्याने पटतो आणि दुसरी कोणती कारणे असू शकतात, हे तपासू असे लिहावे. कॅनडाच्या महालेखापाल कार्यालयात काम केलेल्या जॉन मेन यांनी याच विचाराची शिस्तबद्ध पद्धत घडवली आणि ती योगदान विश्लेषण म्हणून ओळखली जाते. रिकार्डो विल्सन-ग्राऊ यांची पद्धत उलटी चालते: आधी घडलेले बदल गोळा करायचे, मग मागे जाऊन प्रकल्पाचा त्यांत हात होता का ते शोधायचे. रिक डेव्हिस यांनी १९९० च्या दशकात बांगलादेशात विकसित केलेल्या पद्धतीत लोकांनाच विचारतात, की तुमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा बदल कोणता आणि का. यांतली एखादीच निवडावी आणि ती या प्रकल्पाला का लागू पडते ते सांगावे. सगळ्यांची नावे ओळीने लिहिणारा अर्ज कोणतीच नीट वापरणार नाही, असा संशय येतो.

बातमीही वाचायला हवी

माध्यम प्रकल्पांच्या मूल्यमापनात आश्चर्य वाटावे इतकी उणीव राहते ती मजकूर वाचण्याची. मुलाखती होतात, कागदपत्रे तपासली जातात, पण ज्या बातम्यांसाठी सगळा खटाटोप चालला त्या कोणी बघत नाही. अर्जात मजकुराच्या तपासणीला जागा द्यावी आणि नमुना कसा निवडणार तेही सांगावे. सोपी आणि मान्य रीत अशी: एका आठवड्यातला सोमवार, दुसऱ्यातला मंगळवार, तिसऱ्यातला बुधवार असे सात दिवस जोडून एक कृत्रिम आठवडा तयार करायचा, म्हणजे एखाद्या मोठ्या घटनेने नमुना वाकडा होत नाही. मग प्रत्येक बातमीत किती स्रोत आहेत, आरोप असलेल्याची बाजू घेतली आहे का, स्त्रियांचे आणि अल्पसंख्याक वांशिक गटांचे आवाज आहेत का, दुरुस्ती छापली जाते का, हे मोजायचे. हे काम बर्मी, करेन, शान, चिन अशा भाषा जाणणाऱ्या सहकाऱ्याशिवाय होणार नाही. तो सहकारी अर्जाच्या दिवशी ठरलेला असावा आणि त्याचे नाव अहवालात घालायचे की नाही हे त्याच्यावर सोडावे.

मुलाखत देणाऱ्याचा जीव

अर्जातला हा भाग सर्वांत काळजीने लिहावा. मे २०२१ मध्ये डीव्हीबीच्या तीन पत्रकारांना थायलंडच्या पोलिसांनी चिआंग माई परिसरात बेकायदा प्रवेशाबद्दल पकडले. म्यानमारला परत पाठवले असते तर त्यांचे काय झाले असते, हे सांगायला नको. पुढे त्यांना तिसऱ्या देशात आसरा मिळाला. अशा माणसांना भेटायला जाणारा मूल्यमापक स्वतःच धोका बनू शकतो. त्याच्या फोनमधले क्रमांक, वहीतली नावे, हॉटेलातल्या भेटी, साऱ्याच गोष्टी माग दाखवतात.

म्हणून ठोस लिहावे. संमती तोंडी घेऊ, सहीचा कागद ठेवणार नाही, कारण सही म्हणजेच पुरावा. ध्वनिमुद्रण विचारल्याशिवाय नाही. टिपणांत नावाऐवजी खूण आणि त्या खुणांची किल्ली वेगळ्या जागी. कूटबद्ध साठवण आणि अमुक तारखेला नष्ट करण्याची हमी. देशाच्या आत असलेल्या बातमीदारांशी बोलणे अपरिहार्य आहे का, याचा आधी विचार. त्यांच्या संपादकाकडून तीच माहिती मिळत असेल तर त्यांना गाठायचे नाही. अहवालाच्या दोन आवृत्त्या: एक प्रसिद्ध करण्याजोगी, दुसरी मोजक्या लोकांसाठी. संयुक्त राष्ट्रांच्या मूल्यमापन गटाने २०२० मध्ये सुधारलेल्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घ्यावा, पण त्यांचा निव्वळ उल्लेख पुरेसा नाही. या विशिष्ट माणसांसाठी त्यांचा अर्थ काय, ते लिहावे.

दिवस, पैसे आणि स्वातंत्र्य

आर्थिक प्रस्ताव स्वतंत्र पाकिटात किंवा फाइलमध्ये मागतात. निवडीत तांत्रिक बाजूला ७० आणि दराला ३० गुण, अशी विभागणी पुष्कळ ठिकाणी असते. दर कमी ठेवण्याच्या मोहात दिवस छाटू नयेत. समजा काम ३० दिवसांचे आहे: कागदपत्रे वाचायला ४, आरंभिक अहवालाला ४, मुलाखती आणि मजकूर तपासणीला १२, विश्लेषणाला ४, मसुद्याला ४, आलेल्या हरकतींनुसार दुरुस्तीला २. स्थानिक संशोधकाचे मानधन, दुभाषे, भाषांतर, प्रवास, विमा आणि कर वेगळे दाखवावेत. स्थानिक सहकाऱ्याचा दर आपल्या दराच्या मानाने लाजिरवाणा नसावा.

स्वातंत्र्याचा मुद्दा नाजूक असतो, कारण बहुतेक वेळा प्रकल्प चालवणारी संस्थाच मूल्यमापकाला पैसे देते. याच प्रकल्पात कधी प्रशिक्षण दिले असेल, संबंधित संस्थेत मित्र किंवा नातेवाईक असेल, तर अर्जात उघड सांगावे. मसुद्यावर येणाऱ्या प्रत्येक हरकतीची आणि तिच्यावर काय केले याची नोंद तक्त्यात ठेवू, असे लिहावे. तथ्याची चूक दाखवली तर सुधारणा होईल. निष्कर्ष आवडला नाही म्हणून होणार नाही. हे नम्रपणे लिहिता येते आणि लिहायलाच हवे.

भारतीय अर्जदारांनी एक कायदेशीर बाब समजून घ्यावी. परदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० च्या तिसऱ्या कलमाने नोंदणीकृत वृत्तपत्रांचे संपादक, मालक, बातमीदार, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार यांना परदेशी देणगी घेण्यास मनाई केली आहे. म्हणून म्यानमारसारखे वृत्तसंस्थांना थेट निधी देणारे प्रकल्प आपल्याकडे क्वचित दिसतात. केलेल्या कामाचा मोबदला ही देणगीहून वेगळी बाब आहे, पण वृत्तपत्रात असणाऱ्याने करार करण्याआधी जाणकार सनदी लेखापालाला विचारून घ्यावे. अनुभव मात्र आपल्याकडेही मिळवता येतो. साताऱ्यातल्या म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारख्या सामुदायिक रेडिओ केंद्राचा श्रोता-अभ्यास, एखाद्या स्वयंसेवी संस्थेच्या प्रकल्पाची पाहणी, मोठ्या मूल्यमापन चमूत सहायक संशोधकाचे काम, हे सारे पहिल्या अर्जासोबत जोडण्याच्या नमुना अहवालाला विषय पुरवते. मुख्य मूल्यमापक म्हणून एकट्याने अर्ज करण्यापेक्षा सुरुवातीला चमूचा भाग होणे शहाणपणाचे.

शेवटी एक ओळ अशी आहे, जी टीओआरमध्ये बहुधा नसते आणि अर्जात असावी: निष्कर्ष ज्यांच्याविषयी आहेत त्यांना ते त्यांच्या भाषेत परत देऊ. इंग्रजीतला साठ पानी अहवाल ब्रसेल्स आणि स्टॉकहोममध्ये वाचला जाईल. माए सोतच्या भाड्याच्या खोलीतून वार्तापत्र चालवणाऱ्या संपादिकेला हवी असतील बर्मी भाषेतली चार पाने आणि तासभराची चर्चा: आमच्या बातम्यांत काय चांगले दिसले, कुठे कमी पडतो, पुढच्या वर्षी पैसे आटले तर आधी काय वाचवावे. तिने आपला वेळ दिला, आपला धोका पत्करला. त्या बदल्यात तिला काय मिळणार हे ज्या अर्जात दिवस आणि रकमेसह लिहिलेले असते, तो अर्ज मूल्यमापनाचे काम कळलेल्या माणसाचा असतो. त्यासाठी वेळापत्रकात एक दिवस आणि अंदाजपत्रकात भाषांतराची एक ओळ वाढवा, आणि मगच अर्ज पाठवा.